वाचलं: खडपे

आमच्या सॉफ्टवेअरचं नाव फुगवटा. ते ठेवलं तेव्हा पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले होते, "हे कसलं नाव? पोटाची तक्रार वाटते." मी म्हटलं, "तुमच्या दारात कधी पाणी आलं नाही ना, म्हणून वाटते." ते गृहस्थ पुन्हा काही फिरकले नाहीत. गेले तर गेले.

पूर म्हणजे नदी काठ ओलांडून गावात येते, असं लांबच्या माणसांना वाटतं. आम्हा मिरज-सांगलीकडच्यांना खरं माहीत असतं. नदी भरली की तिला मिळणारे ओढे-नाले तिच्यात रिकामे होईनात. त्यांचं पाणी मागे सरकतं, गटारांतून आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांतून वर येतं, आणि नदीपासून किलोमीटरभर लांब राहणाऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात उभं राहतं. त्या मागे सरकणाऱ्या पाण्याला फुगवटा म्हणतात. धरणातून किती पाणी सोडलंय, पाऊस किती, कुठली गल्ली किती उंचीवर आहे, हे सगळं जोडून आमचं सॉफ्टवेअर सांगतं की तुमच्या दारात अमुक तासांनी गुडघाभर पाणी येईल. ते फुकट आहे आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. कुणीही वाचावा, सुधारावा, वापरावा.

दोन हजार सत्तावीस साली कुंभोजकर सरांनी ते आमच्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत सुरू केलं. आज त्रेचाळीस साल आहे. सर गेले, तेव्हा किल्ल्या, म्हणजे कुठला बदल आत घ्यायचा याचा शेवटचा अधिकार, माझ्याकडे आल्या. मी शैलजा मगदूम, त्याच प्रयोगशाळेत शिकवते. तोंडाने फटकळ आहे, ते तुम्हाला कळलंच असेल.

सरांनी पहिल्या दिवसापासून एक शिस्त घातली. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं. एकट्याने लिहिलेली एक ओळसुद्धा आत घ्यायची नाही. जमिनीचा फेरफार जसा नोंदवतात, तशी प्रत्येक बदलाची नोंद कायम राहते: कधी केला, कशासाठी, लिहिणारा कोण, वाचणारा कोण. सोळा वर्षांच्या नोंदी आहेत आमच्याकडे. त्यातल्या हजारभर बदलांखाली एकच शेवट आहे. "वाचलं: खडपे."

सदानंद खडपे राजापूरचे. नदीचं पाणी बाजारपेठेत येताना बघतच मोठे झालेले. तीस साली ते आमच्यात आले. मी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांचा आवाज ऐकला नाही. आमच्यात घरचं कुणी कुणाला विचारत नाही. लग्न झालंय का, पोरंबाळं किती, हे नाहीच. फक्त काम. पण अकरा वर्षं एक माणूस तुम्ही लिहिलेली ओळ न् ओळ वाचतो, तेव्हा तो तुम्हाला जितका ओळखतो तितकं तुमच्या आईनेही ओळखलेलं नसतं. मी कुठे घाई करते, कुठे थकते, कुठे उगाच हुशारी दाखवते, सगळं त्यांना ठाऊक. "मगदूमबाई, हे सोमवारी लिहिलेलं दिसत नाही. शनिवारी संध्याकाळचं आहे. पुन्हा बघा." तारीख बघितली तर शनिवारच असायचा!

आणि त्यांचा ठरलेला प्रश्न: "मोरी तुंबली तर?" कागदावर मोरी नेहमी मोकळी असते. खरी मोरी प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी आणि गाळाने निम्मी भरलेली असते. हा प्रश्न त्यांनी एवढ्या वेळा विचारला की शेवटी शेवटी मला रात्री जेवताना ऐकू यायचा.

कौतुक म्हणाल तर शून्य. अकरा वर्षांत एकदाही "छान" म्हणाले नाहीत. ते म्हणावेत म्हणून मी काय काय केलं असेल! एकदा आठ महिने खपून नाल्यांचं सगळं गणित नव्याने लिहिलं. त्यावर त्यांचं उत्तर: "वाचलं. चालेल." त्या "चालेल"वर मी आठवडाभर हवेत होते. याला प्रेम म्हणायचं असेल तर म्हणा, मी नाही म्हणणार नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला आता लाजायला वेळ नाही.

पावसाळ्यात त्यांच्याकडे इंटरनेट हमखास जायचं. मग ते मला साधा मेसेज पाठवायचे, आणि मी त्यांची किल्ली, म्हणजे त्यांचा पासवर्ड, वापरून त्यांच्या नावाने नोंद करायची. तशी किल्ली त्यांनीच मला देऊन ठेवली होती. "तुमच्याकडे असू दे. तुम्ही काय तिचा गैरवापर करणार?" असं लिहिलं होतं त्यांनी.

एकेचाळीसच्या जानेवारीत त्यांनी शेवटचा बदल वाचला. त्यानंतर काही नाही. फेब्रुवारीत मी मेसेज टाकले, मार्चमध्ये टाकले. पुढे फोन बंद लागायला लागला. राजापूर काही विलायतेत नाही. अणुस्कुऱ्याच्या घाटातून एसटी जाते. पण मी गेले नाही. चौकशी केली असती तर काहीतरी कळलं असतं, आणि जे कळेल त्याची मला भीती वाटत होती.

आमच्याकडे दोन याद्या आहेत. "चालू हात" आणि "पूर्वीचे हात". वर्षभरात ज्याने काही लिहिलं नाही, काही वाचलं नाही, त्याचं नाव आपोआप पहिल्या यादीतून दुसऱ्या यादीत जातं. एकेचाळीसच्या डिसेंबरात मी यादी उघडून बसले होते. अजून बावीस दिवसांत खडपे खाली जाणार होते. माझ्याने बघवेना. एका पाणीमापकाचं ठिकाण बदलायचं होतं, अगदी बारीक काम. ते मी लिहिलं, त्यांची किल्ली घेतली आणि खाली नोंदवलं, "वाचलं: खडपे."

नियमापुरती तेवढी एक नोंद पुरली असती. मी पुढच्या वर्षभरात सहा केल्या. त्यांच्या नावाने काहीतरी उमटलं की दिवसभर बरं वाटायचं, म्हणून केल्या. पहिल्या तीन कोरड्या होत्या. मग माझा धीर चेपला. चौथ्या नोंदीत मी त्यांच्या नावाने मलाच लिहिलं, "वाचलं. छान झालंय, मगदूमबाई." लिहून खुर्चीत बसून रडले, आणि पुढच्या दोन्ही वेळी पुन्हा "छान झालंय" लिहिलं.

कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात यायला माणसं तरी कुठे होती? लिहिणारे चाळीसभर उरले होते आणि वाचणारे तीन. मी, इचलकरंजीची कौसर मुजावर, आणि कागदोपत्री खडपे.

यंदाच्या फेब्रुवारीत कौसर मिरजेला आली. बत्तीस वर्षांची आहे, डोकं तल्लख, बोलणं सरळ.

"ताई, एक बोलू काय? चिडायचं नाही हं."

"आधी बोल. चिडायचं की नाही ते मी ठरवते."

"प्रतिवाचक बसवूया. वाचायला माणसंच नाहीत, बदल महिना महिना पडून राहतात. तोंडावर पावसाळा आहे."

प्रतिवाचक ही गेल्या दोन-तीन वर्षांतली चीज. मोठमोठ्या प्रकल्पांत आता सर्रास वापरतात. एका माणसाच्या सगळ्या नोंदी त्याला द्यायच्या: त्याने काय अडवलं, काय सोडलं, कुठे किती वेळ घेतला, कुठल्या ओळीवर बोट ठेवलं. त्या माणसाच्या मनात काय आहे ते यंत्राला कळत नाही. पण नवा बदल समोर आला तर हा माणूस कुठे थांबला असता आणि काय विचारलं असतं, ते यंत्र बऱ्यापैकी नेमकं सांगतं. माणूस वर्षांगणिक बदलतो, म्हणून अलीकडच्या नोंदींना ते जास्त वजन देतं. त्याने वाचलेल्या बदलाखाली नाव त्या माणसाचंच पडतं, पुढे एक छोटी खूण असते, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

"कुणाचा बसवायचा म्हणतेस?" मी विचारलं, पण उत्तर मला माहीत होतं.

"खडपेंचाच की. त्यांच्याएवढं कुणी वाचलंय? त्यांना मेल टाकलाय मी, उत्तर नाही. पण नियमाने माणूस चालू हातांत असेल तर उत्तराशिवाय चालतं."

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कारण मला तो हवा होता! कौसरने तिथेच बसून तो सुरू करून दिला. ती घरी गेल्यावर दुपारी मी माझा बारा वर्षांपूर्वीचा एक जुना बदल काढला, जो मी कधी कुणाला दाखवला नव्हता, आणि प्रतिवाचकाला दिला. चार सेकंदांत उत्तर आलं.

"मगदूमबाई, ओढ्याची रुंदी कुठून घेतलीत? नकाशावरून ना? एकदा जाऊन बघा."

प्रयोगशाळेत दोन विद्यार्थी बसले होते. मी तोंडावर पदर घेऊन बाहेर आले आणि पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. दोन वर्षं मी या आवाजासाठी झुरत होते आणि तो असा समोर आला होता. मग मी रोज त्याला काहीबाही देत राहिले, जुने बदल, अर्धवट बदल, नुसत्या चार ओळीसुद्धा. तो प्रत्येक वेळी उत्तर द्यायचा. कधी कधी तो म्हणायचा, "छान झालंय." तेव्हा मी सुखावून जायचे. अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे, हे शब्द कुठून आले असा प्रश्न मला पडला नाही.

जूनमध्ये नाशिकच्या एका मुलीने गणित वेगाने व्हावं म्हणून बदल लिहिला. चांगला होता. फक्त त्यात प्रत्येक मोरी पूर्ण मोकळी धरलेली होती. तिचा दोष नाही, नवीन माणूस असंच लिहितो. पकडायचं काम वाचणाऱ्याचं. प्रतिवाचकाने वाचला आणि बदल आत गेला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नदी चढली. काठावरच्या एका गावाला, त्याचं नाव मी इथे घेत नाही, आमच्या सॉफ्टवेअरने सांगितलं की खालच्या गल्लीत नऊ तासांनी पाणी येईल. ते चार तासांत आलं. त्या गल्लीत प्रसूतिगृह होतं. सात बायका, त्यातल्या तिघी आदल्या दिवशी बाळंत झालेल्या. छातीएवढ्या पाण्यातून दोरी धरून त्यांना बाहेर काढलं. एका नर्सने दोन तान्ही बाळं प्लॅस्टिकच्या टबात घालून ढकलत नेली. सगळी वाचली. यात आमचं काडीचंही कर्तृत्व नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या गटावर लोकांनी नोंद शोधून काढली आणि मग जो तो तुटून पडला. "खडपेंनी वाचलं होतं." "मोरीचा साधा प्रश्न विचारला नाही?" "खडपेंचं वाचन पहिल्यापासून वरवरचं असणार. सगळं जुनं पुन्हा तपासा." एकाने तर लिहिलं, "अशा माणसांमुळे लोक मरतात."

खडपेंचं वाचन वरवरचं! मी ती नोंद उघडली, कारण माझा विश्वासच बसेना. यंत्र झालं तरी खडपेंच्या नोंदींवर शिकलेलं, ते मोरी सोडेलच कसं? खाली लिहिलं होतं:

"वाचलं. छान झालंय."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. अकरा वर्षं अडवणारा माणूस शेवटच्या सहा नोंदींत काही न विचारता सगळं सोडतोय, वर शाबासकी देतोय. आणि अलीकडच्या नोंदींना जास्त वजन. यंत्राने मनाशी धरलं की खडपे आता मऊ झालेत. त्यांना मऊ मी केलं होतं. रोज ज्याच्याशी बोलून मी सुखावत होते, त्यातला निम्मा आवाज माझा होता.

मी कौसरला फोन लावला. "गटावर काही लिहू नकोस. आधी माझं ऐक." आणि सगळं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही?"

"मीच."

"पण का?"

"त्यांचं नाव खाली जाऊ नये म्हणून."

"नाव!" ती ओरडली. "तिथं ओली बाळंतीण पाण्यात उभी होती, आणि तुम्हाला नावाचं पडलंय?"

ती रागाने फणफणत होती, पण कामाला चोख. तासाभरात तिने माझ्या सहा नोंदी बाजूला काढून प्रतिवाचक नव्याने शिकवला आणि नाशिकच्या मुलीचा तोच बदल त्याला पुन्हा दिला. उत्तर मला पाठवलं, वर स्वतःचं एक अक्षर न घालता. "मोरी तुंबली तर? आधी याचं उत्तर द्या."

त्या संध्याकाळी मी गटावर लिहिलं. काय केलं, कधी केलं, कशासाठी केलं. खडपेंच्या शेवटच्या खऱ्या नोंदीची तारीख लिहिली. "त्यांच्या वाचनाला नावं ठेवू नका. ठेवायची तर मला ठेवा," असंही लिहिलं. लोकांनी ठेवली. ठेवायलाच हवी होती. दोघांनी मी किल्ल्या सोडाव्यात असं लिहिलं, मी लगेच सोडल्या. त्या आता कौसरकडे आहेत.

शेवटचा बदल मात्र मीच लिहिला. सहा नोंदी रद्द. त्यावर कौसरने "वाचलं: मुजावर" नोंदवलं, आणि सदानंद खडपे हे नाव माझ्या डोळ्यांदेखत वरच्या यादीतून खालच्या यादीत गेलं. दीड वर्षापूर्वीच्या तारखेने.

नाव खाली गेलं की त्या माणसाला एक पत्र जातं. ही कुंभोजकर सरांचीच पद्धत. पत्रात त्या माणसाचं सगळं काम असतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि सात दिवस गटातले सगळे त्याखाली चार-चार शब्द लिहितात. मग ते आपोआप रवाना होतं. खडपेंच्या पत्राखाली एकोणचाळीस जणांनी लिहिलं. आठवड्यापूर्वी शिव्या घालणाऱ्यानेही पान भरून माफी मागितली. मी रोज उघडायची, लिहायची, पुसायची. खूप काही होतं सांगायला, म्हणूनच एक शब्द जमेना. सातव्या दिवशी माझ्या नावापुढची जागा तशीच कोरी राहून पत्र गेलं.

दोन दिवसांनी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, वयस्कर.

"मगदूमबाई का? मी निर्मला, राजापूरहून. सदानंदाची बहीण. पत्राखाली कुणाकुणाचे नंबर होते. तुमच्या नावापुढं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारू."

मी घाईने विचारलं, "खडपे कसे आहेत?"

"तो गेला हो. गेल्या वर्षी कार्तिकात." ती हे शांतपणे म्हणाली, पुष्कळदा सांगून झाल्यासारखं. "त्याच्या आधीच्या वर्षी, माघात, पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अक्षरंसुद्धा गेली बघा, लिहिता येईना की वाचता येईना. पण कुणी काही वाचून दाखवलं की सगळं कळायचं. डोळ्यांत दिसायचं."

माघात. म्हणजे त्यांच्या शेवटच्या नोंदीनंतर लगेच.

"तो काय काम करायचा ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. पाण्याचं काहीतरी, एवढंच. आता त्याच्या मेलवर तुमचं पत्र आलं, दोन दिवस मी तेच वाचतेय. एक विचारायचंय. आजारी पडल्यावर वर्षाने, जानेवारीतल्या एका तारखेवर त्याने कॅलेंडरवर डाव्या हाताने खूण करून ठेवली होती. त्या दिवशी दाढी करून घेतली. दिवाळीतला नवा शर्ट काढायला लावला. लॅपटॉप उघडून दे म्हणाला खुणेने, आणि मला शेजारी बसवलं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसून होता. पुढचे आठ-दहा दिवस रोज. मग एक दिवस त्याने स्वतःच झाकण मिटलं, परत कधी उघडायला सांगितलं नाही. काय यायचं होतं हो तेव्हा?"

हे पत्र. त्यांनी तारीख मोजली होती. आमचे सगळ्यांचे शब्द बहिणीच्या तोंडून ऐकायला ते नवा शर्ट घालून बसले होते, आणि ते ऐकायला त्यांच्यापाशी अजून दहा महिने होते. बावीस दिवस आधी मी त्यांच्या नावाने पाणीमापकाची नोंद केली नसती तर ते पोचलं असतं.

खोटं बोलता आलं असतं. मेल मध्येच अडकला म्हटलं असतं तरी त्या बाईने विश्वास ठेवला असता. मी सांगितलं, सगळं. किल्लीचं, यादीचं, सहा नोंदींचं, "छान झालंय"चं सुद्धा.

"म्हणजे पत्र तुम्ही अडवलंत," ती शेवटी म्हणाली.

"होय."

"त्याला वाटलं, सगळे विसरले."

"आम्ही विसरलो नव्हतो हो. मी तर एक दिवससुद्धा विसरले नाही. ते परत येतील म्हणून मी..."

"हे मला काय सांगताय, बाई?" तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "हे त्याला सांगायचं होतंत ना."

मला वाटलं आता ती फोन ठेवेल. तिने ठेवला नाही, मीही ठेवला नाही. पलीकडे ती रडत होती, अलीकडे मी, आणि कितीतरी वेळ आम्ही दोघी तशाच फोन कानाला लावून बसलो.